विश्लेषण : शाळेत मतदान होतं, मग निर्णय कोण घेतं? ‘विद्यार्थीकेंद्री’ शिक्षण खान्देशात नेमकं कुठे अडतं?

जुलै आला की आमच्या डेस्कच्या व्हॉट्सअॅप नंबरवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, बाकावर पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे मोबाइलवर मतदान यंत्राचं अॅप आणि बोटाला शाई लावलेली तिसरी-चौथीची मुलं. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री. बटण दाबलं की ‘बीप’ वाजतो आणि पोरं खूश. या बातमीला ‘चिमुकल्यांनी गिरवले लोकशाहीचे धडे’ हे शीर्षक मी किती वेळा दिलंय, ते आता मोजणं सोडून दिलंय.

यंदा असंच एक शीर्षक टाइप करताना बोट थांबलं. हे मंत्रिमंडळ दुसऱ्या दिवशी काय ठरवणार? आरोग्यमंत्री नखं तपासणार. स्वच्छतामंत्री झाडायच्या पाळ्या लावणार. पण वर्गात आज काय शिकायचं, कुणाचं उत्तर फळ्यावर लिहायचं, कोणत्या भाषेत बोललं तर चालेल, प्रश्न विचारला तर राग येणार की उत्तर मिळणार, यातलं काहीच त्यांच्या हातात नाही.

देशाचं धोरण, कायदा आणि शिक्षकांची प्रशिक्षणं गेली वीस वर्षं सांगतायत की मूल शिक्षणाच्या केंद्रस्थानी हवं. मग ते तिथे पोहोचताना अडतं कुठे? जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या निमित्ताने समजून घेऊ.

विद्यार्थीकेंद्री शिक्षण म्हणजे नेमकं काय?

शिक्षकांच्या प्रशिक्षणात याला ‘ज्ञानरचनावाद’ म्हणतात. शब्द जड आहे, कल्पना तशी साधी आहे. मूल शाळेत येतं तेव्हा त्याला घरचं, शेतातलं, बाजारातलं बरंच काही आधीच माहीत असतं. नवी गोष्ट ते त्या माहितीला जोडून शिकतं. ही जोडणी मुलाने स्वतः करायची असते. शिक्षकाने तिच्यासाठी संधी तयार करायची, अडलं तिथे हात द्यायचा.

एक काल्पनिक तास घेऊ. जामनेर तालुक्यातली पाचवी. विषय गुणाकार आणि वजाबाकी. शिक्षक सांगतात, उद्या घरून कापूस विकल्याची पावती आणा. दुसऱ्या दिवशी आठ-दहा पावत्या येतात. वजन आहे, भाव आहे, रक्कम आहे. मुलं वजनाला भावाने गुणतात आणि उत्तर पावतीशी जुळत नाही. पुन्हा करतात, तरी जुळत नाही. मग कुणीतरी बारीक अक्षरातला आकडा दाखवतं. वजनातून ‘कडता’ कापलेला असतो. तो वजा केला की गणित जुळतं.

आता एक मुलगी विचारते, ‘सर, कडता का कापतात? कुणी ठरवलं?’

गणित जुळेपर्यंत हा तास विद्यार्थीकेंद्री होता. ‘कुणी ठरवलं’ इथून तो लोकशाहीचा झाला. आणि सरांची खरी अडचणही इथूनच सुरू होते. या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. शेतकरी ज्यावर वर्षानुवर्षं भांडतात असा हा विषय. वर्गातल्या एखाद्या मुलाचा काका व्यापारी असणार, गावात ओळखीपाळखी असणार. शिवाय घटक मागे पडलाय आणि दहा मिनिटांत मधली सुट्टी आहे. बहुतेक शिक्षक काय म्हणतील? ‘ते तुला मोठी झाल्यावर कळेल. पुढचं उदाहरण घ्या.’

शिक्षकाला दोष द्यायची घाई करायला नको. त्याच्या बाजूने काय काय असतं, ते पुढे पाहूच.

लोकशाहीचा याच्याशी काय संबंध?

अमेरिकन विचारवंत जॉन ड्यूई यांचं ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हे पुस्तक १९१६ मध्ये आलं. लोकशाही हा फक्त सरकार निवडण्याचा प्रकार नाही, एकमेकांचे अनुभव वाटून घेत एकत्र जगण्याची ती रीत आहे, आणि ही रीत शाळेत जगून शिकावी लागते, असा त्यांचा साधारण युक्तिवाद. ड्यूई कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. लोकशाही म्हणजे सहजीवन, हा विचार बाबासाहेबांच्या पुढच्या लिखाणात सतत दिसतो. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्यांच्या १९३७ मधल्या मुक्कामाची आठवण म्हणून दर ३१ जुलैला लोक जमतात. शाळांच्या मंत्रिमंडळ निवडणुकाही साधारण याच दिवसांत होतात. हा योगायोग, पण बातमीदाराच्या नजरेतून सुटत नाही.

कायद्यात हे किती आहे? बऱ्यापैकी आहे. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानरचनावाद अधिकृतपणे मांडला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ त्याही पुढे जातं. कृती, शोध आणि धांडोळा यांतून, बालकेंद्री पद्धतीने शिकणं, मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवणं, त्याला मोकळेपणाने मत मांडता येणं, शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. हे सगळं त्या एका कलमात आहे. म्हणजे एखाद्या हौशी शाळेचा हा प्रयोग राहिलेला नाही. गल्लीतल्या कोणत्याही शाळेकडून तुम्ही त्याची अपेक्षा ठेवू शकता.

हे बाहेरून आणलेलं फॅड आहे का?

खान्देशात तरी असं म्हणता येणार नाही. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. ‘श्यामची आई’ मुळे आपण गुरुजींना हळवं करून ठेवलंय. पण अमळनेरच्या छात्रालयात त्यांनी जे केलं, त्यात डोळ्यांत पाणी येण्यासारखं कमी आणि डोकं लावण्यासारखं जास्त आहे.

मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असायच्या. गुरुजी ओरडले नाहीत, दंड केला नाही. मुलं शाळेत गेली की स्वतः खोल्या आवरून ठेवत. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटली आणि ती आवरायला लागली. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. रोज. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक सुरू केलं. देशात काय चाललंय, जगात काय घडतंय, यावर शाळकरी मुलांशी बरोबरीच्या माणसांसारखं बोलायचं, हे शंभर वर्षांपूर्वी अमळनेरमध्ये सुरू होतं. (रोज सकाळी साडेसहाला ई-पेपरची लिंक टाकणाऱ्या माझ्यासारखीला हाताने लिहिलेलं दैनिक ही कल्पनाच दम देणारी वाटते.)

अर्थात, त्या काळी हायस्कूलपर्यंत पोहोचणारी मुलं मूठभर होती. आणि ते सगळं एका माणसाच्या वेडावर उभं होतं. १९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सविनय कायदेभंगात उतरले. एक विलक्षण शिक्षक गेला की मागे काय उरतं, हा प्रश्न तेव्हाही होता.

महाराष्ट्रात पुढे ही वाट अनेकांनी रुंद केली. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, फलटणला मॅक्सिन बर्नसन, कोल्हापूरला ‘सृजन आनंद’ च्या लीला पाटील. यातल्या बहुतेक शाळा लहान, स्वयंसेवी आणि स्वतःचे शिक्षक स्वतः घडवणाऱ्या. सरकारी व्यवस्थेतल्या हजारो शाळांत तेच करायचं म्हटल्यावर वेगळंच काहीतरी झालं.

२०१५ नंतर रंगलेल्या फरश्यांचं पुढे काय झालं?

२२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ चा शासन निर्णय निघाला. त्या सुमारास सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट राज्यभर गाजत होतं. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी साध्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवून दाखवलं होतं. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिकडे जायला लागल्या.

परत येताना त्यांच्या मोबाइलमध्ये काय होतं? फरशीचे फोटो. ऑइलपेंटने रंगवलेल्या चौकटी, संख्यारेषा, अक्षरांची वर्तुळं. फरशीचा फोटो काढता येतो. तिथल्या शिक्षिकेने एका चुकलेल्या उत्तरावर काय विचारलं आणि मग किती वेळ गप्प बसली, त्याचा फोटो काढता येत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षभरात राज्यातल्या असंख्य शाळांत फरश्या रंगल्या. बऱ्याच ठिकाणी लोकवर्गणीतून, काही ठिकाणी शिक्षकांच्या खिशातून. ‘तुमच्या शाळेत रचनावाद आहे का?’ याचा अर्थ ‘तुमची फरशी रंगलीय का?’ असा होऊन बसला. दोन पावसाळ्यांत रंग उडाला.

काही शिक्षकांनी ती पद्धत मनापासून आत्मसात केली, हे सांगायलाच हवं. पण वरून येताना ती ‘पद्धत’ राहिली नाही, ‘निकष’ झाली. शाळा प्रगत आहे की नाही हे ठरवायला यादी आली, चाचण्या आल्या, टक्केवारी आली. मुलाला केंद्रस्थानी ठेवायचा आदेश शिक्षकाला परिघावर उभं करून दिला गेला.

धुळे जिल्ह्यात याच काळात दुसरी लाट होती, डिजिटल शाळांची. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने आणि गावागावांतल्या लोकवर्गणीने जिल्हा परिषदेच्या हजाराहून अधिक शाळांत प्रोजेक्टर, स्क्रीन पोहोचले. गावाने आपल्या शाळेसाठी पैसे काढले, ही बाब माझ्या मते स्क्रीनपेक्षाही मोठी. पण इंजिनीअरिंग झालेली मुलगी म्हणून एक सांगते. यंत्र कुणाचा आवाज मोठा करायचा ते स्वतः ठरवत नाही. सर बोलायचे आणि मुलं ऐकायची. आता व्हिडिओ बोलतो आणि मुलं ऐकतात, एवढंच झालं तर केंद्र सरांकडून स्क्रीनकडे सरकलं, मुलाकडे नाही. त्याच स्क्रीनवर मुलांनी काढलेले गावातल्या पाण्याचे फोटो लावून चर्चा झाली, तर गोष्ट वेगळी.

सर्वांत मोठी अडचण कोणती?

माझ्या मते भाषा. इथे थोडं थांबूया.

२०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ ही भाषा मराठीपासून वेगळी मोजली आहे. अहिराणी तिच्यात येते. ती मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक नोंदले गेले. जनगणनेच्या लेखी ती भाषा आहे. शाळेच्या लेखी मात्र ती बहुतेक वेळा ‘अशुद्ध मराठी’ असते.

पहिलीतलं मूल घरी ‘मी जाई राहिनू’ म्हणतं. शाळेत ‘मी जात आहे’. घरी मुलगी ‘आंडेर’ असते, शाळेत कन्या. ‘आठे’ चं ‘इथे’ करायचं, ‘शे’ चं ‘आहे’. आणि ‘ळ’ चा तर वेगळाच छळ. अहिराणीत आणि लेवा बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. डोळा ‘डोया’, काळा ‘काया’, केळी ‘केयी’. सहावीत असताना मी धडा वाचताना ‘डोया’ वाचलं होतं. सर हसले, वर्ग हसला. त्या वर्षी मी पुन्हा मोठ्याने वाचायला हात वर केला नाही. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांच्या घरीही तेच बोलत असणार. पण कलम २९ मधलं ‘मोकळेपणाने मत मांडणं’ माझ्यापुरतं तिथेच संपलं होतं.

यातली गंमत बघा. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. शाळेत गेल्या नाहीत. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये मुलगा सोपानदेव यांनी पुस्तकरूपात आणली. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कविता आहेत. त्या शिकवताना सर बोलीचं सौंदर्य समजावून सांगतात. पुढच्या तासाला त्याच बोलीत उत्तर देणाऱ्या पोराला ‘नीट बोल’ म्हणतात.

सातपुड्याच्या पायथ्याला हा प्रश्न आणखी अवघड होतो. शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या उत्तरेकडच्या पाड्यांवर पावरी, भिल्ली बोलणारी मुलं येतात. साक्रीच्या पश्चिमेला मावची आणि कोकणी. इथे प्रश्न ‘ळ’ आणि ‘य’ चा राहत नाही, शिक्षक काय बोलतोय तेच कळत नाही. नवीन लागलेला शिक्षक राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून आलेला असू शकतो. त्याला पावरी येत नाही, मुलांना मराठी येत नाही. अशा वर्गात चर्चा, गटकार्य, शोध या शब्दांना काय अर्थ? मग उरतं काय? एका सुरात पाढे म्हणणं आणि फळ्यावरचं उतरवून घेणं. त्याला भाषा लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वर्ग शिस्तीत दिसतो.

यावर उपाय माहीत नाहीत असं नाही. पहिली दोन वर्षं घरच्या भाषेतून बोलू देणं, हळूहळू मराठीचा पूल बांधणं, गावातल्या एखाद्या शिकलेल्या ताईला मदतीला घेणं, मुलांनी सांगितलेल्या गोष्टी लिहून त्याच वाचायला देणं. पालघर आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यांत अशी कामं झाली आहेत. यातलं काहीही महाग नाही. पण पावरी बोलणं हा ‘कमकुवतपणा’ नसून शिकायची सुरुवात आहे, हे आधी मान्य करावं लागतं.

शिक्षकाला स्वतःला किती मोकळीक आहे?

आता त्या पाचवीच्या वर्गातल्या सरांकडे परत येऊ.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा म्हणजे एका शिक्षकाकडे दोन वर्ग, एकाच खोलीत. एक शिक्षक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा रजेवर गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. त्यात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने शिक्षकांची पदं आणखी कमी होतील म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या.

कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणेतर काम देऊ नये. प्रत्यक्षात शिक्षकांचा दिवस पोषण आहाराच्या ऑनलाइन नोंदीने सुरू होतो. यू-डायस, शालार्थ, आधार जुळवणी, अपार आयडी, अमुक दिवसाचा फोटो अपलोड, तमुक मोहिमेची लिंक. ‘आज चार वाजेपर्यंत माहिती भरा, अन्यथा...’ असे संदेश केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. त्या संदेशावर ‘हे का?’ असं विचारायची सोय शिक्षकाला नाही. ‘ओके सर’ आणि हात जोडल्याचा इमोजी.

मला या सगळ्यातला कळीचा मुद्दा हाच वाटतो. ज्याला स्वतःच्या कामाबद्दल एकही प्रश्न विचारता येत नाही, त्याने चाळीस मुलांना प्रश्न विचारायला शिकवावं, अशी आपली अपेक्षा आहे. मुलं शिक्षक काय सांगतात त्यापेक्षा शिक्षकाशी वरचे कसे वागतात ते जास्त नीट बघतात. साहेब तपासणीला आल्यावर सरांचा आवाज बदलतो, हे पहिलीच्या पोरालाही कळतं.

मूल्यमापनाचं उदाहरण घ्या. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाचं निरीक्षण करून वर्णनात्मक नोंद लिहायची. कल्पना उत्तम. पण चाळीस मुलं, अनेक विषय, दोन सत्रं. मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, नंतर पीडीएफ आल्या. ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य राज्यातल्या किती लाख मुलांच्या प्रगतिपत्रकावर असेल? मला हसू येत नाही, कारण इंजिनीअरिंगची चार वर्षं मी हेच केलं. प्रॅक्टिकलचं जर्नल मागच्या बॅचचं बघून उतरवायचं, रीडिंगसुद्धा तीच. एकदा लॅबमध्ये ‘माझं रीडिंग वेगळं का येतंय?’ असं विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘व्हायवाला हे येणार नाही.’ आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार समग्र प्रगतिपत्रक येतंय. त्यात मुलाने स्वतःचं आणि मित्राचं मूल्यमापन करायचं आहे. तपासणाऱ्याला फक्त भरलेले रकाने मोजायचे असतील, तर त्याचीही पीडीएफ येईल.

पालकांना हे का पटत नाही?

पालकांची बाजू हलक्यात घेण्यासारखी नाही. केळीच्या बागेत मजुरी करणारी आई विचारते, ‘माझा पोरगा नवोदयला लागेल का? स्कॉलरशिपला बसेल का?’ तिला शाळा म्हणजे या चिखलातून बाहेर पडायचा रस्ता आहे. वर्गात मुलं गटात बसून बोलताना दिसली की तिला वाटतं, इथे शिकवत नाहीत, खेळवतात. मग कर्ज काढून पोराला पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत पाठवलं जातं. तिथे चाळीस पोरं ओळीत बसून पाठ करतात. वही भरलेली दिसते, समाधान वाटतं.

तिच्या शंकेत तथ्य आहे. घरी पुस्तकं, शिकलेले पालक, शिकवणी असलेल्या मुलाला ‘स्वतः शोध’ म्हटलं तर तो शोधेल. ज्याच्या घरी कुणी वाचत नाही त्याला वाचायला शिकवलंच नाही आणि वर ‘तू केंद्रस्थानी आहेस’ म्हटलं, तर ती फसवणूक आहे. अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी नीट, थेट आणि चिकाटीने शिकवणं म्हणजे विद्यार्थीकेंद्री शिक्षणाच्या विरोधात जाणं, हा गैरसमज काही प्रशिक्षणांनीच पसरवला. मिशेल श्वाइसफर्थ या अभ्यासिकेने २०११ मध्ये विकसनशील देशांतल्या अशा प्रयोगांवरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा तिला यशापेक्षा अपयशाच्याच कहाण्या जास्त सापडल्या. कारणं आपल्या ओळखीची आहेत. साधनं अपुरी, सुधारणा वरून घाईत लादलेल्या, परीक्षा जुन्याच, शिक्षकाची तयारी कमी.

परीक्षांचं तर आपल्याकडे दोन्ही बाजूंनी ओढणं सुरू आहे. धोरण म्हणतं पाठांतर कमी करा. दुसरीकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. शिक्षक यातलं कोणतं गांभीर्याने घेतील? ज्याचा निकाल लागतो ते.

आणि काही मुलं केंद्रस्थानी काय, वर्गातच नसतात. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी जोरात असते, धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण घरी थांबते. साक्री, शिरपूर, चाळीसगावच्या काही गावांतून ऊसतोडीला कुटुंबं निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण ते वेळेत सुरू झालं नाही की पोरगं उसाच्या फडात असतं आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काय लिहायचं, हा शिक्षकाचा प्रश्न उरतो.

मग करता येण्यासारखं काय आहे?

सगळं सरकारवर सोडायचं नसेल तर एक जागा तुमच्याकडे आहे, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. महाराष्ट्रातल्या समित्यांच्या यादीत विद्यार्थी प्रतिनिधींचीही नावं असतात. बहुतेक ठिकाणी सह्या घरी जाऊन घेतल्या जातात आणि इतिवृत्त एकाच अक्षरात असतं. तुमचं मूल जिल्हा परिषद शाळेत असेल, तर पुढच्या बैठकीत हे विचारून पाहा : शालेय मंत्रिमंडळाची बैठक गेल्या महिन्यात झाली का? त्यात मुलांनी काय मागितलं? त्यातलं काय मान्य झालं, काय नाही, आणि ‘नाही’ चं कारण मुलांना सांगितलं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. मुलांचं सगळं ऐकायचंच असं कुणी म्हणत नाही. भारताने १९९२ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारही एवढंच म्हणतो की मुलाला मत मांडता यावं आणि वयानुसार त्याला वजन दिलं जावं.

आणि शिक्षकांशी बोला. फोटो कधी अपलोड होणार हे सोडून दुसरं काहीतरी विचारा. आठवड्यातला एक तास त्यांच्या मनाने घ्यायला मिळतो का? वर्गात घरची बोली चालते का? मुलीने कडत्याचा प्रश्न विचारलाच, तर एखादा शेतकरी किंवा बाजार समितीतला माणूस वर्गात येऊन अर्धा तास बोलेल का? त्या प्रश्नाचं ओझं एकट्या शिक्षकाने का उचलायचं?

या जुलैत मी एक छोटी गोष्ट सुरू केली. मंत्रिमंडळ निवडणुकीचा फोटो आला की अभिनंदन लिहून खाली एक ओळ टाकते : ‘पहिल्या बैठकीत काय ठरलं तेही कळवा.’ बहुतेकांनी अंगठा दाखवला. एका शाळेतून तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पाण्याच्या टाकीचा नळ उंचावर आहे, पहिलीच्या मुलांचा हात पोहोचत नाही, मोठ्यांनी भरून द्यावं तर मोठे ऐकत नाहीत, असं आरोग्यमंत्र्याने मांडलं. आरोग्यमंत्री तिसरीत आहे. नळ खाली घ्यायला ग्रामपंचायतीला पत्र द्यायचं ठरलं, आणि तोवर नळाखाली चार विटा ठेवायच्या. पत्र मुलांनी लिहिलंय. सोबत विटांचा फोटो होता, जरा हललेला.